एकच बटण

"भाऊजी, या जुन्या फोनमधले माझ्या माहेरचे फोटो तेवढे नव्यात घालून द्या," म्हणत नव्या वहिनीनं तळहाताएवढा फोन निनादच्या हातात दिला आणि ती चहाकडे वळली.

फोन उघडला तर समोर दादाचंच स्थळ, पान तसंच उघडं राहिलेलं. वधूवर मंडळाची ती वेबसाइट निनादनंच बनवली होती. दादाच्या फोटोखाली हिरवं बटण होतं, 'होकार'. शेजारचं 'नकार' मात्र कुठंच नव्हतं.

निनादला एकदम आठवलं. लहान स्क्रीनवर दोन्ही बटणं एका ओळीत मावत नव्हती, पान वेडंवाकडं दिसायचं. मंडळाच्या बाईंनी घाई लावली, तेव्हा त्यानं जावास्क्रिप्टच्या दोन ओळी खरडल्या होत्या: स्क्रीनची रुंदी मोजायची आणि कमी भरली, तर नकार लपवायचा. पुढं सवडीनं नीट करू म्हणाला आणि साफ विसरला. लग्नात मात्र 'माझ्या वेबसाइटनं जमवलं' म्हणत मांडवभर मिरवला होता.

"वहिनी, होकार याच फोनवरून कळवला होतात?" त्यानं कसंबसं विचारलं.

"हो. दुसरा कुठला होता माझ्याकडे?"

"आणि... नकाराचं बटण?"

चहा गाळता गाळता वहिनी थांबली. आतल्या खोलीत दादा शीळ घालत होता. तिनं आवाज खाली आणला.

"शोधलं की हो खूप. मग वाटलं, मुलींना एकच देत असतील."