आग्रहाचा थेंब

प्लेटच्या सहा खाचांत प्रत्येकी दोन लाख रोगप्रतिकारक पेशी होत्या. हर्षदाचा प्रबंध त्यांच्यावर अडला होता. साखरपुड्यासाठी धुळ्याला निघताना तिने प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना बजावलं, "शनिवारी प्रत्येक खाचेत या प्रथिनाचा एकच थेंब घाला. त्याचा निरोप मिळाला की पेशी वाढतात. वारंवार मिळाला तर दमून मरतात."

सोमवारी परतली, तर प्रथिनाची कुपी रिकामी.

"मी आठवणीने घातला," तन्मय म्हणाला.

"मीपण! म्हटलं, हा विसरला असेल," वैदेही म्हणाली.

"मी दोन घातले," पल्लवीताई हसली. "साखरपुड्याचं गोडधोड त्यांनाही नको?"

हर्षदाने कपाळाला हात लावला. धुळ्यात सासूबाईंनी असाच आग्रह करून तिला सात जिलब्या चारल्या होत्या. "आता सरांना काय सांगू?"

दारात सर खाकरले. "रविवारी मीही घातला गं. पोरीचं नुकसान नको, म्हटलं."

मोजणी झाली. जिवंत पेशी: तीन टक्के.