हाताचा गुण

हिंगोलीहून आणलेला रिपोर्ट दीक्षानं ओसरीवर बसून वाचला. तिच्या आजोबाच्या, गुलाबसिंगच्या पायातला पू तपासला होता. अकरा औषधांची नावं, आणि प्रत्येकापुढं एकच शेरा: लागू पडत नाही.

"आजी, जंतूंनी सगळी औषधं पचवली. सोमवारपर्यंत उतार पडला न्हाई, तर डॉक्टर गुडघ्यापासून पाय काढायचं म्हणून राहिले."

चिघळलेल्या जखमेवर रूपाबाईच्या पाल्याचा लेप म्हणजे अख्ख्या तांड्याचा भरवसा. पण हळद काढताना नवऱ्याला कुदळ लागली, तेव्हापासून ती नुसती बघत होती. औषध देणाऱ्याचा गुण स्वतःच्या घरात चालत नाही, हा सासूनं घालून दिलेला नेम. आणि झाडाचं नाव दुसऱ्याला सांगितलं, की सांगणाऱ्याच्या हातचा गुण कायमचा गेला.

ती उठली, पदर खोचला आणि समोरच्या रुख्मिणीबाईच्या दाराशी गेली. वीस वर्षांमागं रुख्मिणीबाईनं हेच नाव मागितलं होतं. रूपाबाईनं दिलं नाही, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

गुलाबसिंग बाजेवरून ओरडला, "अगं, येडी झाली का? हात जाईल तुजा!"

"जाऊ द्या हात. पाय ऱ्हाऊ द्या," म्हणत ती रुख्मिणीबाईच्या कानाला लागली. नाव सांगून झालं आणि तिला रडूच फुटलं. सवतीच्या हाती संसार द्यावा, तसं काळीज तुटलं बाईचं.

रुख्मिणीबाईनं टोमणा मारला नाही. "बस, पानी पी," एवढंच म्हणाली आणि विळा घेऊन माळाकडं निघाली.

दुपारी दीक्षानं जखम धुतली, रुख्मिणीबाई वाटलेला पाला लावू लागली. लेप जरा पातळच झाला होता. रूपाबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं गिळलं.

तेवढ्यात बाळापूरची एक बाई पिकलेलं बोट धरून दारात आली. "रूपाबाई, लई ठणकून राहिलं वं. औषध द्या की."

सवयीनं रूपाबाई उठली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"औषध देणारी ही हाय, माय," ती रुख्मिणीबाईकडं बोट करून म्हणाली. मग नवऱ्याच्या उशाशी येऊन बसली. "मी ह्यांची बायको."