देवीचा चार आणे वाटा

“देवीला भागीदार करता येणार नाही, सहदेव.” श्रीपादराव वकिलांनी टाक खाली ठेवला. “तिची सही कोण करणार? इन्कमटॅक्सवाल्यांनी बोलावलं तर हजर कोण राहणार?”

कोपरहून नौपाड्यापर्यंत सहदेव आज जवळजवळ नाचतच आला होता. आजवर त्यानं कौलं शाकारली, ओटे बांधले, फार तर एखादी विहीर. आणि आता डोंबिवलीतली अख्खी नवी शाळा! कमिटीची अट एवढीच होती, की एकटादुकटा कंत्राटदार नको, भागीदारांची फर्म हवी. एकटा माणूस परांचीवरून पडला तर काम पुरं कोण करणार? कागद आज संध्याकाळपर्यंत द्यायचा, नाहीतर शाळा दुसऱ्याची. सहदेवला त्यात अडचण वाटलीच नव्हती. त्याची भागीदार देवी होतीच की!

“पयल्यापासून चार आणे तिचे हायेत, वकीलसाहेब. ते मोडून मला शाळा नको. नुसता वाटा तरी लिहा.”

“लिहीन. पण ते तुमचंच उत्पन्न धरतील आणि कर तुमच्यावर बसेल. नाहीतर देवळाची पावती मागतील. आहे पावती?”

पावती कुठून असणार! देवीला त्यातली दिडकीही पोचली नव्हती. सहदेवनं बाहेर ओसरीकडे पाहिलं. हौसाबाई देवीच्या अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून बसली होती. शुभ कामाला अंगारा हवा म्हणून त्यानंच तिला आणलं होतं. मग आवाज खाली आणून त्यानं सगळं सांगून टाकलं.

दगडू आणि तो जोडीनं काम करायचे. दगडू परांचीवरून पडून गेला, मागे बायको आणि दोन पोरी. सहदेव पैसे घेऊन गेला, तर हौसाबाईनं ते उचलून उंबऱ्याबाहेर ठेवले. फुकटचं खाणार नाही म्हणाली. बाई मोठी मानी. शेवटी त्यानं ठोकून दिलं, की देवी स्वप्नात आली आणि माझा वाटा हौसाबाईच्या हाती दे म्हणाली. आता देवीला नाही कोण म्हणणार? तिनं पैसे घेतले. पण देवीचं तरी फुकट का खायचं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पहाटे देऊळ झाडायला लागली. अंगात ताप असला तरी तिचा खाडा नाही.

श्रीपादराव खुदकन हसले आणि टाक उचलून भराभर लिहू लागले. “अहो, मग भागीदार बाहेरच बसलाय की!”

सहदेवला उडीच मारावीशी वाटली. पण हौसाबाईला आत बोलावून कागद वाचताना वकील शेवटच्या कलमाशी थांबले.

“बाई, नीट ऐका. नफ्यात चार आणे तुमचे, तसे तोट्यातही तुमचे. काम बुडालं तर घेणेकरी तुमच्याही दारात येतील.”

संपलं, सहदेवच्या मनात आलं. आता ही अंगठा कसला देते!

“आणि देवीचा वाटा?” हौसाबाईनं विचारलं.

“देवीचा नव्हताच कधी, वयनी.” त्याला मान वर करवेना. “दगडूदादाचा व्हता. मी खोटं बोललो.”

हौसाबाई वकिलांकडे वळली.

“तोटा झाला तर खरंच माज्या दारात येतील?”

“येतील.”

“आणि सरकार माज्याकडं टॅक्स मागंल?”

“मिळकत वाढली की मागणारच.”

तिचा चेहरा उजळला. तिनं अंगठा शाईत बुडवून कागदावर चांगला दाबला आणि पुडी सोडून सहदेवच्या कपाळाला अंगारा लावला.

“चला भावजी, शाळेचा कागद देऊन येऊ,” ती म्हणाली. “उद्या देवळात मी नुसती दर्शनाला जाईन.”