एवढा आकडा टाकणार कोण?

तिचा गुन्हा काय, तर कॉम्प्युटरचा आवाज चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, तिने कोडच्या दोन ओळी घातल्या: वापरणाऱ्याने टाकलेला चॅनेलचा आकडा मेमरीत मावतो का, ते आधी बघायचं. टीम लीडने सगळ्यांसमोर त्या उडवल्या. "अगं बाई, एवढा मोठा आकडा टाकणार कोण? एखादा गाढवच!" सगळे खो खो हसले.

आज डेमोला तिने मोठ्या साहेबांना स्वतःची खुर्ची दिली. "सर, चॅनेल किती हवेत, तुम्हीच टाका ना." साहेबांनी हौसेने नऊच्या बटणावर बोट दाबून धरलं, नवांची रांगच लागली. स्पीकर किंचाळला आणि स्क्रीन काळीठिक्कर!

"हे कशामुळे?" साहेब कडाडले.

 

ती टीम लीडकडे वळून गोड हसली. "सर, एवढा आकडा कोण टाकतं म्हणाला होतात, सांगा ना साहेबांना!"