बारावा खांब

"धरलाय मी, मार!" खांब ठोकताना धाकू दर वेळी असंच ओरडायचा. मग माझा घण पडायचा.

आमची हयात दाभोळच्या खाडीत धक्के बांधण्यात गेलेली. लडाखच्या तळ्यातही आम्ही खाडीच्याच अंदाजाने खांब रोवले. "हिवाळ्यात बर्फ खांबाला पकडतो आणि वर उपसतो, अजून खोल घ्या," तिथला नोरबू सांगत होता. आम्ही हसलो. शेवटचा, बारावा ठोकून झाला आणि धाकूचा पाय घसरला. त्या खांबापाशीच तो बुडाला. शोध शोध शोधला, सापडला नाही.

बर्फ वितळल्यावर मी परत गेलो. अकरा खांब हातभर वर आले होते. बारावा तसूभरही हललेला नव्हता.

सगळेच पुन्हा ठोकायचे ठरले. बाराव्यावर मी घण उचलला आणि पाण्याकडे बघत तसाच थांबलो. हाकेशिवाय मारायची सवय नव्हती मला.