उदमांजराची पिल्लं
चिखलीतल्या वर्कशॉपच्या छतात उदमांजर व्यायलं होतं. वस्तीत शिरलेले प्राणी पकडणारी दीक्षा शिडी लावून वर चढली, तशी आई पळाली आणि तीन आंधळी पिल्लं हाती लागली. "मॅडम, लांब सोडून या," मालक म्हणाला. "आईशिवाय जगायची नाहीत, भाऊ. तिला नेऊ द्या, मग छतातलं भोक बुजवते." तिने पिल्लं खोक्यात घालून पत्र्यावर ठेवली. दिवेलागणीला आई आली आणि एकेकाला तोंडात धरून पलीकडच्या चिंचेवर घेऊन गेली. शेवटचं पिल्लू गेलं तेव्हा दीक्षाला हुंदका आवरेना. या कामात वेळीअवेळी धावावं लागतं, म्हणून तिची लेक तान्ही असल्यापासून लातूरला आजीकडे वाढत होती. तिने वर्कशॉपमधूनच फोन लावला. "उन्नती, उद्या तुला न्यायला येते." "कुठं?" "घरी, बाळा." पलीकडे पोर गोंधळली. "पण मम्मी, मी तर घरीच आहे की."