पंख्याखालची खुर्ची

"मामा, भोकात प्लास्टिकची गिट्टी नुसती फिरतेय! भिंतीवरच्या पंख्याचा स्क्रू पकडतच नाही!" स्टुलावरून मी ओरडले. सोसायटीच्या तळघरातली ती भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची, आणि मी भोक पाडलं होतं नेमकं पोकळीवर.

"काडेपेटीतल्या काड्या कोंब. बसतो घट्ट," घड्याळाकडे बघत मामा म्हणाला. वर अध्यक्ष नारळ घेऊन तयारच होते. आज इथल्या अभ्यासिकेचं उद्घाटन.

मी काड्या कोंबल्या. पंखा बसला, फिरलाही. पण माझा जीव काही जागेवर बसेना. उद्यापासून याच पंख्याखाली आम्ही पोरी पुस्तकं उघडून बसणार, आणि पंख्याला आधार कशाचा, तर काड्यांचा!

"मामा, काढू या ना. दुसरं भोक पाडते, भरीव भागात."

"गप गं, शहाणे! काही होत नाही."

"नक्की?" मी टुणकन खाली उडी मारली आणि बरोब्बर पंख्याखाली खुर्ची ओढली. "मग उद्घाटनाला तू इथेच बसायचं."

मामा हसत हसत खुर्चीत बसला. पंखा जरा खडखडला. त्यानं वर पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळूच खुर्ची बाजूला सरकवली.

मी कमरेवर हात ठेवून उभी.

"बघतेस काय?" तो उठलाच. "ड्रिल मशीन आण. आणि अध्यक्षांना सांग, जरा दम धरा म्हणावं."